अठ्ठाविसावी सायकल

मंडळात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला शेपूट म्हणत आणि तो ओ देई. एरवी तो साधा सायकल मिस्त्री. पण महिन्यातून एका रविवारी मंडळाची रांग शहराबाहेर निघाली की हा सगळ्यांत मागे, म्हणून शेपूट. कोणीतरी टिंगलीने ठेवलेलं हे नाव त्याने अगदी ऐटीत अंगावर घेतलं होतं. पुढे काय, ज्याच्या पायात दम आहे तो कोणीही जाईल, मागे राहायला डोकं लागतं, असं त्याचं म्हणणं. एकोणीस वर्षांत त्याच्या मागे एकही माणूस राहिला नव्हता. ही गोष्ट तो वर्षातून निदान दहा वेळा सांगे, तीही कोणी न विचारता.

त्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, आणि आत शिरताना उंच गिऱ्हाईकाने डोकं सांभाळायचं, कारण छताच्या आकड्यांना जुन्या फ्रेमा आणि चाकं टांगलेली. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला चाव्या करून देणारा. दिवसभर एकीकडून वाफ यायची आणि दुसरीकडून घासल्याचा आवाज, आणि मधे आमचा मिस्त्री पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसलेला असायचा. हे काम तो मामाकडे शिकला. मामा मोठा तिरसट माणूस होता. शिकवताना शब्द कमी आणि टपल्या जास्त. पण त्याने लावलेली एक सवय भाच्याच्या हाडीमाशी खिळली होती. काम पुरं झालं की पाना पेटीत. काम अर्धवट टाकून उठावं लागलं तर पाना पेटीत टाकायचा नाही, डाव्या खिशात टाकायचा. खिसा जड लागला की राहिलेलं काम आठवतं. मिस्त्रीच्या सगळ्या पँटींचे डावे खिसे फाटून दोन-दोनदा शिवलेले होते, आणि शिवणारी दर वेळी एकच, त्याची बायको.

बायको शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. लांबलचक टेबल, वर पांढरेशुभ्र दिवे, आणि समोर शर्टांचे गठ्ठे. कॉलर, बाही, काज, बटण, शिवण, सगळ्यांवरून बोटं फिरवायची आणि मग चिठ्ठी लावायची किंवा शर्ट परत फेकायचा. पंचवीस वर्षं तिने हेच केलं होतं. तिच्या हातून सुटलेलं सैल बटण दुकानात पोचल्याचं एकही उदाहरण नव्हतं, पण ती बिचारी हे कोणाला सांगत फिरत नसे. नवऱ्याच्या रविवारच्या सायकलींना ती इतकी वर्षं ‘तुमचं खूळ’ म्हणत आली होती. खूळ म्हणायची आणि डबा भरून द्यायची.

मग या वर्षी तिने पन्नाशी ओलांडली आणि एके दिवशी दुकानात येऊन आकड्याला टांगलेल्या एका जुन्या निळ्या फ्रेमकडे बोट दाखवलं. ही जोडून द्या, म्हणाली. मिस्त्रीला आधी वाटलं, कोणा भाचीसाठी असेल. तिच्यासाठीच आहे हे कळल्यावर त्याला हसू आलं, आणि ते त्याने वेळेवर गिळलं नाही. त्याबद्दल त्याला चार दिवस अबोला सोसावा लागला. दोन महिने ती पहाटे उठून मैदानाला चकरा मारत होती. लहानपणी शिकलेलं होतं, त्यामुळे पाय लवकर वळले. आणि शनिवारी दुपारी जेवताना तिने जाहीर केलं, की उद्या तीही येणार.

तो काही बोलणार इतक्यात तिने पुढचं सांगून टाकलं. “एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा. माझ्या मागेपुढे करायचं नाही. मी तुमची बायको म्हणून येत नाहीये. सत्तावीस सायकली आहेत ना तुमच्या? माझी अठ्ठाविसावी.”

तो बरं म्हणाला. बायकोशी वाद घालायचा नाही एवढं शहाणपण त्याला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच आलं होतं.

निघण्याआधी सगळ्या सायकली मिस्त्रीच्या हाताखालून जात, अशी मंडळाची पद्धत होती. ब्रेक, साखळी, हवा, नट सगळं बघून तो हँडलला पिवळी पट्टी बांधी. पट्टी नाही ती सायकल रांगेत नाही. मंडळाचा म्होरक्या बँकेत कॅशियर होता. त्याला सगळे कप्तान म्हणत. त्याचीही सायकल या तपासणीतून सुटत नसे. रविवारी पहाटे शाळेच्या पत्र्याखाली हा सोहळा चालू होता आणि आभाळ असं भरून आलं होतं, की दिवे लावावे लागले. बायकोची सायकल मिस्त्री खरं तर शनिवारीच बघणार होता. पण शनिवारी दुकानात गर्दी, मग थकवा, आणि मग मनात आलं, घरचीच तर आहे, सकाळी बघू. सकाळी बघायला गेला तर पुढचं चाक बसलेलं. बारीक पंक्चर. त्याने चाक उतरवलं, ट्यूब काढली, ठिगळ मारलं, हवा भरली, चाक परत पुढच्या चिमट्यात बसवलं, दोन्ही बाजूंचे नट बोटांनी फिरवले आणि पंधराचा पाना हातात घेतला.

तेवढ्यात लायब्ररीकाकांनी हाक मारली. हे काका ग्रंथालयातून निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू, मंडळातले सगळ्यांत हळू आणि तक्रारीत सगळ्यांत पुढे. त्यांचं मडगार्ड घासत होतं आणि ते जणू जगबुडी आल्यासारखे बोलावत होते. मिस्त्री उठला, मडगार्ड वाकवून दिलं, मग कोणाची तरी साखळी आली, मग कप्तानाने घड्याळ दाखवलं. पाऊस सुरू झाला. सगळ्यांनी रेनकोट चढवले, मिस्त्रीनेही चढवला, गुडघ्यापर्यंतचा पिवळा. परत फिरला तेव्हा बायकोची सायकल चाकावर ताठ उभी होती. त्याने तिच्या हँडलला पट्टी बांधली. तिचा मोबाईल त्याच्याच पिशवीत टाकला, कारण तिच्या रेनकोटाला खिसा नव्हता, आणि रांग निघाली.

पहिले दोन तास काही घडलं नाही. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना भिजलेली शेतं, मधूनच एखादं कौलारू घर आणि अंगणात उभं राहून या वेड्यांकडे बघणारं कोणीतरी. पाऊस थांबत नव्हता. मिस्त्री आपल्या जागी, म्हणजे सगळ्यांच्या मागे, आणि त्याच्या पुढे लायब्ररीकाका. बायको पुढे गेली होती. पहिल्या वळणावर तिची निळी सायकल त्याला मधल्या घोळक्यात दिसली, दुसऱ्या वळणावर पुढच्यांत, आणि त्यानंतर दिसलीच नाही. त्याला बरं वाटलं. थोडा रागही आला, का ते त्याचं त्याला कळलं नाही.

घाटाचा चढ सुरू झाला तसा काकांच्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कामगारांनी बांधलेली एक पडवी तिथे होती. मिस्त्रीने त्यांना आत बसवलं, पाय ताणून धरला. असल्या वेळेसाठी तो मीठ-साखरेची पुडी जवळ बाळगत असे. पुडी काढायला त्याने रेनकोट वर केला, खिशात हात घातला आणि हाताला पाना लागला.

डाव्या खिशात. पंधराचा.

क्षणभर तो नुसताच पाना हातात घेऊन बसला. अर्धवट काम कुठलं, हे आठवायला लागूच नये इतकं स्पष्ट होतं, तरी त्याने सकाळच्या सगळ्या सायकली मनात एकेक करून फिरवल्या, दुसरी कुठली तरी निघावी म्हणून. दुसरी कुठली निघेना. पंधराचा पाना चाकाच्या नटांनाच लागतो आणि आज चाक एकाच सायकलचं उतरवलं होतं. ते नट बोटांनी फिरवलेले होते. रेनकोटामुळे खिशाचं ओझं मांडीला लागलं नाही आणि पट्टी मात्र त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती.

सपाट रस्त्यावर असं चाक तासन् तास चालतं. वजन वरून दाबून धरतं, काही कळत नाही. चढावरही चालेल. पण या चढाच्या पलीकडे उतार होता, सहा किलोमीटरचा, खड्ड्यांचा, ओला. जुन्या फ्रेमच्या चिमट्याला चाक अडकून राहील अशी कसलीही खाच नसते, नवीन सायकलींना असते. एका खड्ड्यात पुढचं टोक उडालं की चाक सुटून जाणार, आणि सुटलेल्या चाकावर बसलेल्या माणसाचं काय होतं ते त्याने एकदा पाहिलं होतं. त्या माणसाची सायकल नंतर त्याच्याच दुकानात आली होती. माणूस आला नव्हता.

त्याने मोबाईल काढला. बायकोचा नंबर लावायला गेला आणि तो मोबाईल आपल्याच पिशवीत आहे हे आठवलं. कप्तानाला लावला. डोंगराच्या या बाजूला रेंज नव्हतीच, कधीच नसते, हे त्याला पाठ होतं, तरी त्याने तीनदा लावला. शिटीने निरोप पुढे पोचवायची मंडळाची रीत होती, एकाने वाजवली की पुढच्याने वाजवायची, पण पुढचा माणूस निदान किलोमीटरभर वर होता आणि मधे पावसाचा आवाज.

राहिला एकच उपाय, आपण जायचं. आणि मागे काका.

हे सांगायला सोपं वाटतं. बायकोचा जीव धोक्यात, तर कोणीही धावेल. पण एकोणीस वर्षं ज्याने एकच नियम पाळला, त्याचे पाय त्या पडवीत अक्षरशः अडले. एकट्या, साठी उलटलेल्या, पाय धरलेल्या माणसाला पावसात ठेवून शेपटाने पुढे जायचं नसतं. तो काकांकडे बघत राहिला. काका तक्रारखोर होते, पण आंधळे नव्हते. काय झालं ते त्यांनी विचारलं आणि मिस्त्रीने चार शब्दांत सांगितलं.

“मग बसलास कशाला?” काका म्हणाले. “मी काय पळून जाणार आहे, या पायाने?”

मिस्त्रीने पुडी त्यांच्या हातात दिली, पाण्याची बाटली दिली, कोणीतरी न्यायला येईपर्यंत हलू नका असं दोनदा बजावलं आणि सायकलवर बसला.

चढ चार किलोमीटरचा. मिस्त्री चोपन्न वर्षांचा, आणि सायकल स्वतःची, म्हणजे जिच्याकडे बघायला त्याला कधीच वेळ नसे ती. इतकी वर्षं सगळ्यांत हळू माणसाच्या वेगाने चालवून त्याच्या पायांना घाई म्हणजे काय ते ठाऊकच राहिलं नव्हतं. पहिल्या वळणापर्यंत त्याला धाप लागली, दुसऱ्यावर छातीत दुखायला लागलं. त्याने मनात हिशेब मांडला. चढ संपला की वर सगळे थांबतात, ही मंडळाची रीत. सगळे जमल्याशिवाय कप्तान कोणाला उतारावर सोडत नाही. म्हणजे वेळ होता. हे तो स्वतःला वळणावळणावर सांगत होता, आणि तरी खाली बघून पायडल मारत होता, वर बघायचा धीर होत नव्हता.

मंडळी सायकली हातात धरून चढत होती. एकेकाला मागे टाकत तो गेला तशी थट्टा सुरू झाली. आज शेपटाला तोंड फुटलं, कोणी म्हणालं. कोणी घंटी वाजवली. एका बाईंनी विचारलं, काय हो, वहिनींना भेटायची इतकी घाई? तो हसलाही नाही. वहिनी कुठे आहेत एवढंच त्याने विचारलं, तर त्या कौतुकाने म्हणाल्या, त्या केव्हाच्या वर पोचल्या, काय पाय आहेत त्यांचे. त्याला जे ऐकायचं नव्हतं तेच नेमकं त्याने ऐकलं.

माथ्यावर एक रिकामी चौकी होती. तिच्या आडोशाला दहा-बाराजण कुडकुडत उभे होते आणि कप्तान गळ्यात शिटी अडकवून उताराच्या तोंडाशी उभा. निळी सायकल नव्हती. मिस्त्री उतरला तो जवळजवळ पडलाच. कप्तानाने त्याला सावरलं आणि आपण होऊनच खुलासा सुरू केला, की वारा फार आहे, घाम गार पडून लोक आजारी पडतील, म्हणून आज सगळ्यांची वाट न बघता तिघातिघांना सोडतोय. वहिनी दुसऱ्या खेपेत गेल्या.

“कधी?”

“झाली असतील दोन मिनिटं. का, काय झालं?”

मिस्त्रीने सांगितलं. कप्तानाचा चेहरा उतरला आणि पुढच्याच क्षणाला त्याने शिटी तोंडात धरली. दोन लांब शिट्या म्हणजे जिथे असाल तिथे ताबडतोब थांबा. कड्यावरून खालच्या वळणांपर्यंत ती सहज ऐकू गेली असती. मिस्त्रीने ती त्याच्या तोंडातून ओढून काढली, दोरीसकट, आणि कप्तानाची मान पुढे आली.

“वाजवू नका. ती पुढचा ब्रेक दाबेल.”

शिटी ऐकली की माणूस घाबरून दोन्ही ब्रेक आवळतो. सैल चाक तिरकं होऊन चिमट्यात अडकलं असतं आणि ती हँडलवरून रस्त्यावर गेली असती. जे सगळ्यांना वाचवण्यासाठी होतं ते तिच्यासाठी घातक होतं. मिस्त्रीने एवढंच सांगितलं, की काका खाली पडवीत एकटे आहेत, दोघांना पाठवा. आणि तो उतारावर सुटला.

उतारावर जोरात जाणाऱ्यांना त्याने आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या. आता त्याने ब्रेकवरची बोटं काढून घेतली. चष्म्यावर पाणी, समोर पाणी, रस्त्यावरून तांबडं पाणी आडवं वाहत होतं. प्रत्येक वळण घेताना त्याला वाटे, याच्यापुढे ती पडलेली दिसेल. वळण संपे, रस्ता रिकामा असे, आणि त्याला पुढच्या वळणाची भीती वाटू लागे. पहिल्या वळणावर मोठा खड्डा होता. त्याच्या कडेने तीन सायकलींचे माग गेले होते. तिसऱ्या वळणावर तिच्याच खेपेतले दोघे त्याला भेटले, आरामात चाललेले. वहिनी पुढे गेल्या, ते ओरडून म्हणाले, थांबायला तयार नाहीत. तो त्यांच्यामधून गेला. आपण देवाधर्माचा माणूस नाही याचं त्या वेळी त्याला वाईट वाटलं, कारण कोणाला तरी काहीतरी कबूल करावंसं त्याला फार वाटत होतं.

पाचव्या वळणाखाली त्याला ती दिसली.

ताठ बसली होती, केसांवर प्लॅस्टिकची टोपी, हातात हँडल घट्ट. रस्त्याच्या मधोमध चालवत होती आणि छान चालवत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, ही वर्षानुवर्षं चालवते. मिस्त्रीची नजर मात्र तिच्या पुढच्या चाकावर होती, आणि ते चाक डुलत होतं. किंचित. नवख्याला दिसलं नसतं. त्याला ते दुकानापलीकडच्या रस्त्यावरूनही दिसलं असतं.

त्याच्या सायकलचा खडखडाट तिला ऐकू गेला असावा. तिने मान वळवून पाहिलं आणि पिवळा रेनकोट ओळखला. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याने इतक्या लांबून ओळखलं, कारण तीस वर्षांच्या संसारात तो चेहरा त्याने पुष्कळदा पाहिला होता. आला शेवटी. मागेपुढे करू नका म्हणून बजावलं होतं, तरी आला. तिने मान पुढे केली आणि पायडल मारायला सुरुवात केली. उतारावर.

थांब म्हणावं तर ती थांबणार नाही, आणि थांबली तर दोन्ही ब्रेक दाबून थांबेल. चाक सैल आहे म्हणावं तर ती खाली चाकाकडे बघेल, घाबरेल, आणि तेच होईल. हळू चालव म्हणावं तर ती मुद्दाम आणखी जोरात चालवेल. म्हणजे जे जे सुचत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. समोर शंभर-दीडशे पावलांवर रस्ता उखडलेला दिसत होता, सगळी खडी वर आलेली, तिथपर्यंत ती पोचायला नको होती. तो वेग वाढवून तिच्या बाजूला आला, तिच्या आणि दरीच्या मधे, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून खोटं बोलला.

“अगं, माझे ब्रेक गेले. दोन्ही. मला आधार दे.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग कुठल्या कुठे गेला. घरात कोणाला ताप आला, भाजलं, लागलं की तिचा आवाज एकदम खाली यायचा आणि ती भराभर सांगायला लागायची, तशीच ती झाली. घाबरू नका, म्हणाली, माझ्या कॅरिअरला धरा. तो म्हणाला, धरतो, पण तू फक्त मागचा ब्रेक दाब, हळूहळू, पुढचा दाबलास तर मी तुझ्यावर आदळेन. बरं, ती म्हणाली. त्याने एका हाताने तिचं कॅरिअर धरलं आणि दुसऱ्या हाताने आपला चांगला चालणारा ब्रेक आवळला. दोघं मिळून हळू होत गेली. उखडलेला रस्ता जवळ येत होता. एक धक्का बसला, तिचं पुढचं चाक आवाज करून हललं, आणि मिस्त्रीने डोळे मिटले नाहीत एवढंच. मग दगडी कठड्याशी, खडीच्या चार हात अलीकडे, दोन्ही सायकली थांबल्या.

ती उतरली. आपली सायकल तिने कठड्याला टेकवली आणि लगेच त्याच्या सायकलपाशी खाली बसली, पावसात, गुडघे चिखलात टेकून, आणि त्याच्या ब्रेकच्या तारांवरून बोटं फिरवू लागली. तार धड आहे, म्हणाली, रबराचे गुटकेही आहेत, मग लागत कसा नाही? तुम्हाला कुठे लागलं नाही ना? इतक्या लांबून तसेच आलात?

मिस्त्रीला खोटं पुढे चालवता आलं असतं. काहीतरी पुटपुटायचं, तिला पाणी प्यायला लावायचं, पाठ वळली की नटांना दोन वेढे मारायचे, आणि विषय कायमचा संपला असता. वर कप्तानाला माहीत होतं, काकांना माहीत होतं, पण त्यांना गप्प बसवता आलं असतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. तो काही संत नव्हता. पण ती चिखलात बसून त्याच्या ब्रेकची काळजी करत होती, आणि ते त्याला बघवेना.

तो निळ्या सायकलपाशी गेला, हँडल धरलं आणि पुढचं टोक वर उचललं. चाक जमिनीवरच राहिलं. मग कलंडलं, चिखलातून दोन हात गेलं आणि आडवं झालं.

बायको बघत राहिली. उठली नाही. तिला सायकलीतलं फारसं कळत नव्हतं, पण उचलल्यावर चाक खाली राहू नये एवढं कोणालाही कळतं.

“हे माझ्याकडून राहिलं,” मिस्त्री म्हणाला. “सकाळी. नट आवळलेच नाहीत मी. दुसऱ्यांच्या सायकली बघत बसलो, आणि तुझी घरचीच म्हणून...” त्याने आपल्या सायकलकडे बोट दाखवलं. “माझे ब्रेक चांगले आहेत.”

वरच्या वळणावरून ते दोघे खाली आले, घंट्या वाजवत, काहीतरी चेष्टा करत, आणि आडवं चाक बघून गप्प झाले. मिस्त्रीने त्यांना हातानेच पुढे जायला सांगितलं. ते गेले. ती ओरडेल अशी तो वाट बघत होता. तिने ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. ती उठली, चाकापाशी गेली, ते उभं केलं आणि आसाच्या टोकाला लोंबणारा नट एका बोटाने फिरवून पाहिला. तो सहज फिरला.

“मला कळत होतं,” ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

“शहर सोडलं तेव्हापासून हलत होतं. हाताला लागत होतं. एकदा वाटलं, उतरून बघावं.” तिचा आवाज चढला नव्हता, हेच त्याला सोसवेना. “पण तुम्ही बघितली होती ना. म्हटलं, मग माझ्याच हाताला नीट कळत नसेल.”

मिस्त्री कठड्यावर बसला. नट आवळायचे होते, चाक बसवायचं होतं, मागून लोक येत होते, काकांना कोणी आणलं की नाही हे बघायचं होतं. त्याला उठता येईना.